लय चढते म्हणे

"पोरगी बसलीये तबल्यावर. तबलजी आला नाय वाटतं."

लासलगावच्या मार्केट यार्डात ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावून स्टेज केलं होतं. दुपार उतरत होती. मी स्टेजवर बसून हातोडीने तबला लावत होते, तेव्हा खालून हे ऐकू आलं. दोन शेतकरी होते. त्यांचा कांदा विकून झाला होता आणि व्यापाऱ्यांनी ठेवलेला भक्तिगीतांचा कार्यक्रम ऐकूनच गावाला जायचं, असा त्यांचा बेत दिसत होता. दुसरा म्हणाला, "पुसत आसंल. मास्तरची लेक आसंल."

"मंग हातोडी कशाला? फोडंल की ती."

मी मान वर केली नाही. वाऱ्याने कांद्याचे पापुद्रे उडून तबल्याच्या शाईवर येऊन बसत होते. ते फुंकरीने उडवत मी गट्टे ठोकत राहिले. तबला सुरात आला तसे गांगुर्डे सर मागून आले. मी लगेच उठले, त्यांचं बसकर सारखं केलं, बाजूला सरकले आणि पिशवीतून टाळ काढले. म्हणजे त्या दोघांचा अंदाज अगदीच चुकला नव्हता. मी पुसून ठेवायलाच बसले होते.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे मागितला होता तो वेगळा लेख. तालवाद्य वाजवणाऱ्या तरुणांनी या क्षेत्रात पुढे कसं यावं, यावर मुद्दे काढून द्या, म्हणाले. मी बसले मुद्दे काढायला. रोज रियाज करा. कार्यक्रमाला वेळेआधी पोचा. वाद्याला ऊन लागू देऊ नका. तिथेच थांबले. हे कुणीही सांगेल. पुढे येण्याबद्दल मला स्वतःला जे ठाऊक आहे, ते सांगायची लाज वाटते. आमच्याकडे रिकामी जागा अशी नसते. गाणाऱ्याच्या उजव्या हाताला एकच तबला मावतो. तिथे कुणीतरी आधीच बसलेलं असतं, आणि बरेचदा त्यानेच तुम्हाला शिकवलेलं असतं.

म्हणून मुद्दे सोडून घडलं ते लिहिते आहे. सरांचं आडनाव बदललेलं नाही. नाशिकमध्ये ते बदलून काही उपयोग नाही. सर अजून पंचवटीतच राहतात आणि हा अंक दर दिवाळीला त्यांच्या घरी जातो, हे लिहिताना माझ्या डोक्यात सतत आहे.

मी इंग्रजी शाळेतली. सिस्टरांकडे पियानो शिकत होते. बोटं बरी चालत, पण चार लोक बघायला लागले की तळव्यांना घाम सुटून पट्ट्या निसटत. कॉलेजात गेल्यावर एका कार्यक्रमात पाहिलं की सगळे गाणाऱ्या बाईंकडे बघत आहेत आणि तबलेवाल्याकडे कुणाचंच लक्ष नाही. मला वाटलं, ही जागा आपल्यासाठी बरी. तबलेवाल्याकडे लोक बघत नाहीत हे खरं, पण तो पुरुष असतो म्हणून. तबल्यावर मुलगी असली की गाणारीकडे कुणी बघत नाही.

गांगुर्डे सर तेव्हा नाशिकरोडला नोकरीला होते आणि संध्याकाळी घरी शिकवत. पहिल्या दिवशी मी मोठ्या धिटाईने विचारलं, "सर, यात किती बीट्स असतात?"

"बीट पोलिसांची असते," सर म्हणाले. "आपल्याकडं मात्रा. आणि मोजू नको. चाल."

तेव्हापासून मी त्या घरात कॉन्व्हेंट झाले. "काय कॉन्व्हेंट, आज हात आणलाय का घरीच ठेवलाय?" सरांच्या पत्नीला, अक्कांना, हे नाव नीट म्हणता येत नसे. त्या मला निलू म्हणत. त्या निफाडकडच्या. त्यांच्या बोलण्यात 'लय' म्हणजे पुष्कळ आणि सरांच्या बोलण्यात 'लय' म्हणजे लय. त्यावरून त्या घरात कायम विनोद चालत. "लय सांभाळ," असं सर म्हणाले की आतून अक्का विचारायच्या, "लय सांभाळू, पण काय सांभाळू ते तर सांगा!"

माझ्या घरी हा विनोद चालला नसता. वडील ओझरला इंजिनिअर होते. आईने तबल्याला विरोध केला नाही, पण पाहुण्यांपुढे ती "नीलिमा म्युझिक करते" इतकंच म्हणायची. पाहुण्यांनी "गाते का?" विचारलं की आई चहा बघायला आत जायची. मग मलाच सांगावं लागे. "तबला" म्हटल्यावर एक छोटी शांतता पडे. त्या शांततेत मी कितीतरी वेळा पुढे जोडून टाकलं आहे, "म्हणजे, असंच, हौस म्हणून."

सरांना हौस हा शब्द परवडणारा नव्हता. त्यांचे वडील जलशात ढोलकी वाजवत. चाळीचाळींतून, वस्त्यांतून गात हिंडणारा तो जलसा सरांनी लहानपणी पाठीवर ढोलकी घेऊन पाहिला होता. तिथून ते शहरातल्या सभागृहांत, पहिल्या रांगेत उपरणी घेऊन बसणाऱ्या रसिकांपुढे शास्त्रीय गाण्याच्या साथीला जाऊन बसले, ते कुणी बोलावलं म्हणून नव्हे. एका मैफलीला ठरलेला तबलजी आला नाही आणि मागे तंबोऱ्यापाशी बसलेले सर पुढे सरकले, एवढंच. नंतरही बरीच वर्षं ते रसिक आपसांत त्यांना 'ढोलकीवाला' म्हणत. सरांना ते माहीत होतं. त्या सभागृहांत ते कधी पाण्याचा ग्लाससुद्धा मागत नसत. तबल्यामागची ती चौरस हातभर जागा त्यांनी अशी मिळवली होती.

पेटीवर असत लतीफभाई. मेनरोडला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून ते थेट कार्यक्रमाला येत. त्यांच्यापुढेच माझी पहिली मोठी फजिती झाली. तबला कुठल्याही सुरात लागत नाही. गाणाऱ्याचा सूर बघून तबला निवडावा लागतो. आणि तो सूर आम्ही पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतो: काळी एक, पांढरी पाच, असा. सरांनी निरोप दिला होता, बाई काळी चारमध्ये गातात. मी लतीफभाईंच्या पेटीवर डाव्या टोकापासून काळ्या पट्ट्या मोजल्या, चौथी दाबली आणि त्या सुराचा तबला घेऊन, घट्ट लावून, तयार बसले. पट्ट्यांची मोजणी तशी नसतेच, ती ठरलेल्या पट्टीपासून होते. मी दाबली होती ती काळी एक निघाली. बाई येऊन बसल्या, सूर लावला, आणि माझे कान गरम झाले. पण तबला बाईंच्या मध्यमात लागलेला होता. तसाही लावायची पद्धत आहे. गाणं सुखरूप पार पडलं. लतीफभाई उठताना म्हणाले, "गांगुर्डे, तुमची कॉन्व्हेंट चूक पण सुरात करते हां."

आमच्या धंद्यातल्या पायऱ्या अशा: आधी वाद्यं उचलायची, मग लावायची, मग टाळ धरायचे, मग नाचाच्या वर्गाला ठेका द्यायचा, मग लग्नकार्यातली गाणी, आणि सगळ्यात शेवटी बैठक. प्रत्येक पायरीवर 'चढ' म्हणणारा एकच माणूस, गुरू. तुम्ही स्वतः कुणाकडे जाऊन "मला घ्या" म्हणायचं नाही. गाणाऱ्याने गुरूकडे यायचं आणि "तुमचा विद्यार्थी द्या" म्हणायचं. मुलगी द्या म्हणतात तसंच. विद्यार्थी तिथेच बसलेला असतो, पण त्याला विचारायची रीत नाही.

सरांनी मला पायऱ्या चढू दिल्या. मी कथकच्या वर्गाला जाऊ लागले. निफाडजवळ एका द्राक्षबागाइतदाराच्या घरी साखरपुडा होता. सरांनी तिथे मला एकटीला तबल्यावर पाठवलं आणि स्वतः मांडवाच्या मागे उभे राहिले. यजमान माझ्याकडे बोट दाखवून लतीफभाईंना म्हणाले, "ह्या बाई गाणार का?"

"नाही. वाजवणार."

"मग गाणार कोण?"

"त्या पलीकडच्या."

"आणि वाजवणारा?"

"हीच."

यजमानांनी मला नीट बघितलं आणि म्हणाले, "बरं. पण आवाज यील ना?"

कार्यक्रम झाल्यावर ते द्राक्षांची पाटी घेऊन आले. "लय वाजवलं बाई तुम्ही. लयच." मांडवामागून सर पुढे आले आणि म्हणाले, "यांची लय बोलतात का आमची?" ते इतके खुशीत होते की परतीच्या एसटीत सगळा वेळ पुढच्या सीटच्या दांडीवर बोटं वाजवत आले. माझ्या कामाच्या आयुष्यातला तो सगळ्यात स्वच्छ दिवस. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

मग सरांचा उजवा हात बिघडायला लागला. सकाळी बोटांची पेरं उघडत नाहीत, असं अक्का मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. गरम पाण्यात हात धरून बसतात, म्हणाल्या. बाहेर सर कुणाला काही सांगत नसत. साधा ठेका उत्तम चाले. अडचण यायची ती लग्गीत. अभंग रंगत आला की शेवटी गाणारा ओळ धरून ठेवतो आणि तबलेवाला दुपटीने-चौपटीने बोलांची झड लावतो, तिला आम्ही लग्गी म्हणतो. लोक टाळ्या वाजवतात ते तिथे. सरांची लग्गी ऐकायला चांदवडहून माणसं येत. आता तिथे बोटं मागे राहू लागली. आणि बोटं मागे राहिली की लय खाली येते, गाणं ओल्या धोतरासारखं जड होतं आणि गाणाऱ्याचा श्वास पुरत नाही.

लासलगावच्या त्या कार्यक्रमाच्या थोडं आधीची गोष्ट. लतीफभाईंनी मला दुकानात बोलावलं. एक उघडं घड्याळ पुढ्यात होतं.

"बेटा, यापुढे तू टाळ घेऊन सरांच्या बाजूला बस. लग्गी आली की टाळ सोडायचा नाही. गाणारे तुझ्या टाळावर गातील, मी पण तुझ्यावरच राहीन. सरांना काही बोलायचं नाही."

"पण सरांना ऐकू येईलच ना, लतीफभाई? टाळ पुढे जातोय ते?"

"येईल ना."

"मग त्यांना काय वाटेल?"

त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं. "घड्याळ मागं पडायला लागलं ना, की गिऱ्हाईक काय म्हणतं माहितीये? म्हणतं, हल्ली भोंगा लवकर वाजतो."

मला तेव्हा हसू आलं. कामाचा एक धूर्त डाव शिकल्यासारखं वाटलं. खोटं बोलतो आहोत असं वाटलं नाही, कारण बोलत कुणीच नव्हतं. गाणारे, पेटीवाले, कार्यक्रम ठरवणारे, सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे सरांना वाकून नमस्कार करत होते. वाजत होता फक्त माझा टाळ.

लासलगावला सरांनी पहिल्यांदा मला तोंडावर म्हटलं. लग्गी सुरू झाली, हात मागे राहिला, मी टाळ धरून ठेवला. सरांनी माझ्याकडे मान वळवली आणि माइकमध्ये जाईल अशा आवाजात म्हणाले, "चढू नको."

मी टाळ किंचित मागे घेतला. लगेच गाणं जड झालं. गाणाऱ्या बाईंनी कळवळून माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा टाळ धरला. "चढतीयेस, कॉन्व्हेंट," सर पुन्हा म्हणाले. खालच्या दोघांपैकी एकजण म्हणाला, "बघ, बोलनी खातीये."

लय चढणं म्हणजे हळूहळू, स्वतःला न कळता, गती वाढवत नेणं. स्वयंपाकीणबाईंचा हात खारट आहे, असं एकदा कुणी म्हटलं की पुढे त्यांनी काहीही केलं तरी लोक आधी चव घेऊन बघतात. तालवाद्यवाल्याला 'लय चढते' हे तसं आहे. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर विरलं असतं. सर स्वतः म्हणतात म्हटल्यावर ते शहरभर झालं. सरांच्या मनात माझं वाईट नव्हतं. उलट, "पोरगी गुणी आहे, तेवढी लय आवरली पाहिजे," असं ते काळजीने सांगत. काळजीने सांगितलेलं लोकांना जास्त खरं वाटतं. कथकच्या बाई एकदा म्हणाल्या, "नीलिमा, या वर्षी स्नेहसंमेलनाला सरांनाच बोलावू या का? तू जरा पळवतेस म्हणे." म्हणे. त्या रोज माझ्या ठेक्यावर मुलींना नाचवत होत्या, आणि तरी म्हणे.

त्यानंतर एक शहाणपणाची गोष्ट घडायला हवी होती. मी सरांकडे जाऊन सांगायला हवं होतं. त्याऐवजी मला स्वतःचाच संशय येऊ लागला. सर खोटं कसं बोलतील? मी जुन्या शाळेत गेले. सुट्टीचे दिवस होते. सिस्टरांकडून पियानोच्या खोलीची किल्ली मागितली. पियानोवर लाकडी मेट्रोनोम असायचा, निमुळत्या डब्यासारखा, काटा डावी-उजवीकडे हलवत टकटक करणारा. तो चालू करून मी बाकावर लग्गी वाजवत बसले. काट्याच्या पुढे गेले नाही, मागेही पडले नाही. पुन्हा वाजवली. सिस्टर दारातून डोकावून म्हणाल्या, "प्रॅक्टिसिंग, डिअर?" मी चोरी करताना सापडल्यासारखी उठले. त्या यंत्राला सम नाही, ठेका नाही, काही कळत नाही, आणि मी त्याला माझ्या गुरूविरुद्ध साक्षीला बोलावलं होतं.

साक्ष मिळाली त्यामुळे संशय गेला. लाज मात्र वाढली, कारण आता मला न कळण्याचीही सोय उरली नव्हती.

आणखी एक गोष्ट मी बघत होते. बोलता येत नाही अशा माणसांना बघायला वेळ पुष्कळ असतो. एकदा शिकवणीला गेले तर सर कॉटवर पडले होते. शेजारच्या घरात रेडिओवर भजन चाललं होतं आणि सर डोळे मिटून नुसत्या तर्जनीतल्या अंगठीने कॉटच्या लोखंडी दांडीवर ताल धरत होते. एक ठोका, एक जागा रिकामी, एक ठोका. तिकडे भजन दुपटीत गेलं. अंगठीची लय केसभरही हलली नाही. त्यानंतर उठून ते तबल्यावर बसले, आणि तीच गती त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांतून खाली गळू लागली. सरांचा कान जसाच्या तसा होता. बोटं खोटं सांगत होती, आणि जन्मभर खरं बोललेल्या बोटांवर सर अविश्वास कसा दाखवणार?

दिवाळीनंतर कमलताई नाशिकला गाऊन गेल्या. त्या पुण्याच्या. नाट्यगीतं आणि अभंग गात, आणि थंडीभर गावोगाव त्यांचे कार्यक्रम असत. त्यांचा तबलजी मुंबईला सिनेमाच्या कामात गेला होता. आमच्याकडच्या कार्यक्रमात सर तबल्यावर होते आणि मी टाळावर. दुसऱ्या दिवशी सकाळी लतीफभाई माझ्या घरी आले, पहिल्यांदाच. आईने त्यांना बसा म्हटलं तरी ते दारातच उभे राहिले.

"ताई सरांकडे जातायत. तुला मागायला. पूर्ण सीझनसाठी. बरोबर मुलगी असली तर एका खोलीत भागतं, असंही म्हणाल्या."

मी हसून आईकडे वळले.

"खुश नंतर हो. सर काय म्हणतील ते माहितीये ना तुला?"

"तुम्ही सांगा ना त्यांना, लतीफभाई."

"मी?" ते पायरीकडे बघत राहिले. "मी सांगितलं तर ते मला हो म्हणतील आणि उद्यापासून पेटी शेजारी लावू देणार नाहीत. माझं काय, म्हातारा झालो, दोस्ती घेऊन मरेन. तुझी तर अजून सुरुवात पण नाही झाली. हे गेलं तर पुण्यात पण हेच पोचेल, कॉन्व्हेंट. लय चढते म्हणे."

आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो तेव्हा कमलताई खुर्चीत बसल्या होत्या. ऊन सरळ सतरंजीवर आलं होतं. अक्कांनी ठेवणीतल्या कपबश्या काढल्या होत्या. मी दाराजवळ बसले. रीतीप्रमाणे बोलणं दोघांतच चाललं होतं.

"सर, तुमची मुलगी मला द्या," कमलताई म्हणाल्या. "हात गोड आहे असं ऐकते. काल टाळसुद्धा किती समजून धरला होता."

सरांना बरं वाटलेलं दिसलं. मग त्यांनी मान हलवली. "ताई, दिली असती. तुमच्यापेक्षा चांगलं घर कुठलं? पण लय चढते तिची अजून. तुमच्यासारख्या गळ्याबरोबर बसायचं म्हणजे... माझं नाव जाईल. त्याहून तिचं जाईल. एक वर्ष थांबा."

"चढते?" कमलताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. "काल काही जाणवलं नाही."

"मी धरून होतो ना! लतीफ, काढ पेटी. ताईंना दाखवू."

सर तबल्यामागे बसले. सवयीने त्यांनी टाळ उचलून माझ्या पुढ्यात सरकवले. कमलताईंनी अभंगाची शेवटची ओळ धरली. ठेका झकास चालला होता. मग सरांनी लग्गी घेतली, आणि थोड्याच वेळात तिला ते जडपण आलं. लतीफभाईंनी डोळे मिटून घेतले. मी टाळ जिथे होता तिथेच ठेवला. सरांनी एकदम हात उचलला आणि सगळं थांबलं.

"बघितलंत? गेली पुढं." त्यांच्या आवाजात विजय नव्हता. खरंच वाईट वाटत होतं त्यांना. "हेच. हेच मी रोज सांगतो तिला. पोर ऐकते सगळं, पण हातातून जात नाही."

कमलताईंची बोटं त्यांच्या मांडीवर होती आणि ती अजून हलत होती. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पाहुणीने यजमानाच्या घरी बोलायचं तेवढंच त्या बोलल्या. "बरं. सर म्हणतात तर बघू पुढच्या वर्षी." त्यांनी पदर आवरला, चपला कुठे काढल्यात ते बघितलं.

"अहो चहा," अक्का म्हणाल्या. "थांबा की, लय घाई झाली का?" आणि या वेळी त्या विनोदावर कुणी हसलं नाही.

माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. ते इंग्रजीत होतं. इट्स नॉट मी. इंग्रजीत ते सोपं गेलं असतं, कारण त्यात सर कुठे आलेच नसते. आणि ते बोलून मी पुन्हा खाली बघितलं असतं. मराठीत वाक्य जुळवायला गेले तर प्रत्येक वाक्यात सर मध्ये येत होते. तुमचा हात. तुमची बोटं. तुम्ही मागे. यातलं कुठलंही वाक्य त्या घरात, अक्कांच्या कपबश्यांपुढे, परक्या गायिकेसमोर म्हणता येण्यासारखं नव्हतं. जलशातून उठून त्या जागेवर येऊन बसलेल्या माणसाला, ओझरच्या इंजिनिअरच्या मुलीने ते म्हणणं तर अजिबातच नव्हतं.

कमलताई उठल्या. लतीफभाईंनी पेटीचा भाता बंद केला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मी टाळ हातात घेतले. उठून सतरंजी ओलांडली आणि सरांच्या समोर बसले. इतक्या जवळून त्यांची बोटं मी कधी बघितली नव्हती. पेरांवर सूज होती आणि शाईची काळी भुकटी सुरकुत्यांत बसली होती. तळव्यांना घाम सुटला होता आणि टाळाची दोरी हातातून निसटत होती. ती मी सरांच्या बोटांत अडकवली, आणि ताईंना, लतीफभाईंना, आत उभ्या असलेल्या अक्कांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "सर, आता टाळ तुम्ही धरा. तबल्यावर मी बसते."